चेरीच्या वासाचा हिवाळा

परवा थंडी पडली म्हणून गरम कपड्यांची पेटी उघडली आणि शी! नाकात तोच वास. चेरीचा. आता चेरीच्या झाडाखाली मी काही कधी उभी राहिलेली नाही, भिलाईत कुठलं आलं चेरीचं झाड! पण खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर लाल लाल चेरीचं चित्र असतं न, त्या औषधाचा वास. आणि त्याच्या खालून जळक्या गोणपाटाचा. यांचा तपकिरी स्वेटर. घरी धुतला, सुपेल्याच्या बाजारात ड्रायक्लीनला दिला, कडुनिंबाचा पाला घातला, डांबराच्या गोळ्या घातल्या. वास जागचा हलला नाही. "टाकून द्या आता हा," म्हटलं तर हे म्हणतात, "शुद्ध लोकर आहे. असा मिळत नाही आता." मग मी तो पुन्हा पिशवीत बांधून पेटीच्या तळाशी दाबला आणि साबणानं हात धुतले.

तसा भिलाईचा हिवाळा मला फार आवडतो. सकाळचं धुकं कुठं संपतं आणि प्लांटचा धूर कुठं सुरू होतो ते कळत नाही. बाजारात लाखोरीची कोवळी भाजी येते, इथले लोक तिला तिवरा म्हणतात. घराघरांच्या गच्चीवर कोहळ्याच्या वड्या पडतात. उन्हात पाठ शेकत बसावं, मटार सोलावेत, शेजारणीशी गप्पा माराव्यात. वर्षभरात एवढेच दोन महिने माणसासारखे जगायला मिळतात इथं, बाकी नुसती भट्टी. आणि त्यातला एक अख्खा हिवाळा आमच्या यांनी नासवला. बढती मिळाली त्या वर्षीची गोष्ट.

यांच्या डिपार्टमेंटचे मोठे साहेब पाइप ओढायचे. प्लांटच्या आत तर काडी पेटवायची सोय नाही, पण संध्याकाळी क्लबच्या लॉनवर ते खुर्ची टाकून बसत, पाइप भरत, आणि सात-आठ अधिकारी त्यांच्याकडे पाहत गुपचूप बसून राहत. साहेबांनी धूर सोडला की मग कोणीतरी बोलायचं. एक माणूस धूर काढतो आणि आठ माणसं थांबून राहतात, हे यांनी पाहिलं, आणि घेतलं की यांच्या मनानं! बढतीचे पेढे वाटून झाल्यावर तिसऱ्याच दिवशी मला म्हणाले, "रायपूरला जाऊन येऊ. तुलाही साडी घेऊ." मी भोळी. साडीच्या नावानं तमाखूच्या दुकानात दीड तास उभी.

दुकानदारानं काचेच्या काउंटरवर पाच डबे उघडून ठेवले. हे एकेका डब्यात नाक घालून आंबे निवडल्यासारखे हुंगून राहिले होते. एक वाळल्या गवताच्या वासाची, दुकानदार तिला व्हर्जिनिया म्हणत होता. एक अशी की जसं डांबर तापवलं. एक चॉकलेटी, एक व्हॅनिलाची, आणि एक ही चेरीची. मला म्हणाले, "तू घेऊन बघ वास." मी पदर नाकाला लावून सांगितलं, "ती गवताची त्यातल्या त्यात इमानदार दिसते. तमाखू आहे तर तमाखूसारखा वास येते." दुकानदार हसला. "भाभीजी की बात सही है, लेकिन साहब बिगिनर हैं. बिगिनर के लिए मीठा." साहब म्हटल्यावर हे विरघळलेच. शिवाय त्या चेरीच्या डब्यावर चित्र होतं: बर्फ, लाकडी घर, आत शेकोटी, खुर्चीत गोरा म्हातारा, पायाशी कुत्रा. डब्यातली वस्तू राहिली बाजूला, यांनी ते चित्र विकत घेतलं. घरी ना बर्फ, ना शेकोटी, ना कुत्रा. साडी राहूनच गेली.

मग सुरू झाला अभ्यास. मोबाइलवर व्हिडिओ लावून हे सोफ्यावर बसायचे. पाइप तीन चिमटींत भरायचा. पहिली चिमूट लेकराच्या हातानं दाबावी तशी हलकी, दुसरी बाईच्या हातानं, तिसरी पुरुषाच्या. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "बाईचा हात इकडे कणकेत आहे!" नवा पाइप आतून मधानं माखून घ्यावा असंही कोण्यातरी व्हिडिओत सांगितलं होतं. यांनी मध लावला आणि पाइप शोकेसवर ठेवला. सकाळी पाहते तर काय, मुंग्यांची रांग! भिंतीवरून, देवाच्या फोटोवरून, थेट पाइपाच्या पोटात. यांनी तो तसाच टेबलावर आपटला, फुंकला, आणि संध्याकाळी त्यातच तमाखू भरली. बाप्पा! धुराबरोबर थोड्या मुंग्याही गेल्या असतील पोटात.

ओढतानाचं तर बोलूच नका. एका पाइपाला अर्धी काडीपेटी. पेटव, विझ, पेटव, विझ. डब्यातून चेरीचा वास यायचा, पण धूर निघाला की त्याचा वास पावसात राहिलेल्या पायमोज्याचा. आणि आवाज! चार झुरक्यांनंतर पाइपाच्या नळीत थुंकी साचायची आणि गुडगुड, गुडगुड. जेवणाच्या टेबलाशेजारी बसून माणूस आपली थुंकी उकळतो आहे आणि मी भात वाढते आहे. जीभ अशी भाजली की आठवडाभर ठेच्याची चव कळेना. "आज तिखट नाही का टाकलं?" मी म्हटलं, "टाकलं. तुमची जीभ मेली." तळाशी जो काळा, ओला चोथा उरायचा तो हे टकटक करून झाडायचे कुठे? तुळशीच्या कुंडीत! त्या दिवशी मी बोलायचं ते सगळं बोलले. आणि पाइप साफ करायची ती लव लावलेली तार, नळीत घालून फिरवायची. बाहेर येताना तपकिरी रस घेऊन यायची. ती माझ्या साबणाच्या डबीत.

हे मी का सांगून राहिले इतकं, तर त्याच घरात मागच्या अंगणात दुसरी तमाखू होती.

माझ्या सासूबाई गुडाखू घासायच्या. गुडाखू म्हणजे तमाखू आणि गूळ कुटून केलेला काळा चिकट लगदा. छोट्या डबीत मिळतो. छत्तीसगढच्या कितीतरी बाया सकाळी उठून बोटावर घेतात आणि दातांना घासत बसतात, डोकं हलकं होतं म्हणे. सासूबाई पहाटे मागच्या नळाशी बसायच्या, पाठमोऱ्या, डोईवर पदर. मग ती काळी थुंकी, त्यावर दोन तांबे पाणी. मी त्यांचा मग वेगळा ठेवला होता. टॉवेल वेगळा. त्या माझ्याशी बोलायला जवळ आल्या की मी श्वास रोखायची, आणि त्यांना ते कळायचं, कारण त्या लगेच तोंडावर पदर घ्यायच्या. मी शाळेत मुलांकडून तंबाखूविरोधी चित्रं रंगवून घेणारी बाई. मला वाटायचं, माझी किळस म्हणजे माझं शिक्षण. मी कधी त्यांना एका शब्दानं टोचलं नाही, याचा मला अभिमानसुद्धा होता. एवढी मी शहाणी!

सासूबाईंचं माहेर गोंदियाकडचं. बाराव्या वर्षापासून त्या बिड्या वळत. लग्न होऊन भिलाईला आल्या, सासरे प्लांटमध्ये मजूर लागले, तरी सुपेल्याच्या भाड्याच्या खोलीत त्या मांडीवर सूप घेऊन बिड्याच वळत होत्या. तेंदूची पानं ओली करायची, कापायची, तमाखू भुरभुरायची, वळायचं, दोरा बांधायचा. यांचं लहानपण त्या सुपाशेजारी गेलं. शाळेत पोरं यांना "बिडीवालीचा" म्हणून चिडवत. हे मला यांनी एकदाच सांगितलं, लग्नानंतर, आणि सांगून झाल्यावर म्हणाले, "हे कोणाला बोलायचं नाही." बाहेर सांगायचं, आमचे लोक शेतीवाले. आम्ही तेच सांगत आलो. आणि घरात कोणी ऑफिसचं आलं की सासूबाईंनी आतल्या खोलीत जायचं, हाही नियम होऊन गेला. कोणी कधी मोठ्यानं उच्चारला नाही. बेल वाजली की त्या आपणहून उठायच्या.

त्यांना बैठकीत बसायचं असे. बस, एवढंच. दागिना नको, तीर्थयात्रा नको. माणसं बोलताना ऐकायला त्यांना आवडायचं. पडद्याच्या अलीकडे पाटावर बसून कान देऊन ऐकत. पाहुणे गेल्यावर मला विचारत, "त्या बाईची पोरगी नांदाले गेली का वं? नाई, मंधातलं ऐकू नाई आलं." एकदा मला म्हणाल्या, "बाबूले म्हणून पाहाय न. मी बोलन नाई. कोपऱ्यात बसीन." बाबू म्हणजे हे. मी म्हटलं, "विचारते." आणि विचारलं नाही. का नाही विचारलं? कारण पडदा मलाही सोयीचा होता.

म्हणून त्या पाइपाचा मला इतका राग यायचा. एका रात्री, नाही, रात्री कशाला, चांगली भर संध्याकाळी, दिवाबत्तीच्या वेळी, हे सोफ्यावर गुडगुड करून राहिले होते. मी म्हटलं, "आईंच्या तोंडात तमाखू ती घाण आणि तुमच्या तोंडातली ती शान?" हे पाइप बाजूला न काढता दातांतूनच म्हणाले, "ते वेगळं आहे. इसमें एक तमीज है." त्यांच्या हनुवटीवर तपकिरी थेंब ओघळून राहिला होता. मी तो पुसायला रुमाल दिला नाही.

ती चेरीची तमाखू मुळात फार ओली होती, म्हणून विझायची. क्लबवर मोठ्या साहेबांनी सांगितलं, "थोड़ा सुखाओ." झालं. मी गच्चीवर खाटेवर धुतलेलं धोतर अंथरून वड्या घातलेल्या. आदल्या दिवशी कोहळा किसून, उडदाची डाळ वाटून, हात भरून आले होते माझे. यांनी जागा पाहिली, ऊन पाहिलं, आणि त्याच धोतराच्या टोकाला तमाखू पसरून ड्युटीवर निघून गेले. वाळवण म्हणजे वाळवण, यांच्या डोक्यात एवढंच. दुपारी वारा सुटला. मी शाळेतून येऊन पाहते तर प्रत्येक ओल्या वडीला तमाखूच्या मिशा फुटलेल्या! सगळ्या गच्चीवर खोकल्याच्या औषधाचा घमघमाट. मी रडायचीच बाकी होते. एक वडी तळून पाहिली, म्हटलं बघू, जाईल वास. अंगठ्याएवढा तुकडा तोंडात घातला आणि मोरीकडे धावले.

सासूबाई मात्र खाटेशी बसून तमाखू गोळा करत होत्या. एक एक धागा. त्यांचे हात मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले. बोटं न बघता चालत होती, डोळे दुसरीकडेच. चिमूट चोळली, नाकाशी नेली, फुंकर मारली.

"यात पाणी नाई वं, पाक हाय," त्या म्हणाल्या. "उनात कडक होते वरून, अंदर चिकटच रायते. हातावर मोकळी करा लागते. हाताची गरमी पायजे हिले."

"तुम्हीच सांगा न त्यांना, आई."

"मी कायले सांगू? त्याले आवडन नाई." मग जरा थांबून, "पान चांगलं हाय पण. आमच्या टायमाले असं पान नाई पायलं." आणि त्यांनी पुन्हा ती चिमूट हुंगली. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की मी वड्यांचं रडणं विसरून दोन मिनिटं त्यांच्याकडे पाहतच राहिले. मग भानावर आले आणि वड्या कचऱ्यात ओतल्या.

जानेवारीत एका रविवारी मोठे साहेब आमच्याकडे जेवायला आले. यांनी चार दिवस आधीपासून घर डोक्यावर घेतलं होतं. पडदे धुतले, सोफ्याची खोळ बदलली, तुळशीच्या कुंडीची मातीसुद्धा बदलली. साहेब स्वभावानं साधे निघाले, मिठ्ठास बोलणारे. सरबत झालं, आणि यांनी मोठ्या दिमाखात आपला चेरीचा डबा पुढं केला. साहेबांनी आपला पाइप काढून त्यातली तमाखू भरली. काडी लावली. विझला. पुन्हा लावली. विझला. चार काड्या झाल्या. साहेब हसून म्हणाले, "अभी भी थोड़ा गीला है." यांचा चेहरा उतरला. हे धडपडत दुसरी काडीपेटी शोधून राहिले होते, आणि साहेब पाइप झाडून खिशात ठेवायच्या बेतात.

तेवढ्यात पडदा सरला. सासूबाई बाहेर. पांढरं लुगडं, डोईवर पदर, पाय अनवाणी. यांच्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. "आना इकडं," म्हणाल्या, आणि डबा घेऊन खाली फरशीवर मांडी घालून बसल्या. तळहातावर तमाखू ओतली. दोन्ही हातांत घोळवली, बोटांनी धागे सुटे केले, दोन काड्या वेचून बाजूला टाकल्या, पुन्हा घोळवली. क्लबच्या लॉनवर मोठ्या साहेबांसाठी सगळे गप्प बसतात म्हणे; त्या दिवशी मोठे साहेब गप्प बसले. मग सासूबाईंनी साहेबांच्या हातून पाइप घेतला, भरला, अंगठ्यानं दाबला, परत दिला. एक काडी. पाइप धरला आणि शेवटपर्यंत विझला नाही. यांनीही त्यातलीच आपल्या पाइपात भरून पेटवली.

साहेब खुर्चीत पुढं सरकले. "वाह! माताजी, ये हाथ कहाँ से सीखा आपने?"

सासूबाईंचा चेहरा उजळला. इतकी वर्षं झाली, तसा चेहरा मी त्यांचा दुसऱ्यांदा पाहिला नाही. "हम तो साहेब, बारा बरस के थे तबसे..."

"खेती थी न, सर," हे मध्येच बोलले. "तंबाखू की. नानाजी की बहुत बड़ी खेती थी."

सासूबाई थांबल्या. तोंड तसंच उघडं.

"अच्छा!" साहेब म्हणाले. "कितने एकड़, माताजी?"

सासूबाईंनी यांच्याकडे पाहिलं. यांच्या कपाळावर घाम होता, जानेवारीत. त्या हळूच म्हणाल्या, "बहुत थी साहेब. नजर नहीं पुरती थी."

साहेब खूश झाले. सोफ्यावर बाजूला सरकून हातानं जागा दाखवत म्हणाले, "अरे, आप नीचे क्यों बैठी हैं? यहाँ बैठिए न. हमारे साथ बैठिए."

हे मला कोणी दुसऱ्यानं सांगितलं असतं तर मी छाती पिटून म्हटलं असतं, अगं बसव न त्या बाईला! इतकी वर्षं ज्या जागेसाठी ती झुरली ती जागा परका माणूस हात दाखवून देतो आहे, खोटंही आता बोलून झालं आहे, राहिलं काय लपवायला? पण यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मला काय वाटलं ते मी आज लपवणार नाही. मला वाटलं, आई साहेबांच्या इतक्या जवळ बसल्या तर तोंडाचा वास त्यांना येईल. सकाळचा गुडाखू. समोर दोन पुरुष घर भरून धूर सोडून राहिले होते, पडद्यांत, सोफ्यात, माझ्या केसांत, आणि मला भीती कशाची, तर त्या एका म्हातारीच्या तोंडाची! थू आहे असल्या नाकावर.

"आईंची पूजेची वेळ झाली," मी म्हणाले. दंडाला धरून मी त्यांना उठवलं. त्या जड नव्हत्या.

सासूबाई आता नाहीत. हे रिटायर झाले, पाइप कधीचा सुटला, डॉक्टरनं सोडवला. त्या दिवसाबद्दल हे कधी बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही. यांना दोष देणं सोपं आहे, मी कितीदा देऊनही पाहिला. "बिडीवालीचा" म्हणून ज्यानं टोमणे खाल्ले त्याला निदान काही कारण होतं. मला काय कारण होतं? मला कोणी कधी चिडवलं नव्हतं.

त्या दिवशी आतल्या खोलीत मी सासूबाईंना खाटेवर बसवलं. बाहेर साहेब हसून राहिले होते, यांचा आवाज मोकळा झाला होता. सासूबाईंनी दोन्ही तळहात नाकाशी नेले, डोळे मिटले, आणि खोल श्वास घेतला. "बाबूचं काई बिघडलं नाई न वं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. तेव्हा त्या हसल्या आणि तळहात माझ्यापुढं धरले. "घे, वास घेऊन पाय. कशी खुलली तमाखू."

मी मागं सरकले. म्हटलं, "आई, आधी हात धुवा."

त्या उठल्या, मोरीत गेल्या, आणि साबण लावून हात धुऊन आल्या.